मी अकोल्यात होते आणि छत्री तलावावरही

आधीच सांगून टाकते, या सदरात येणारे बाकीचे अनुभव वाचून मी हसते. पांढरी साडी, उलटे पाय, वडाचं झाड... काय लावलंय राव! माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नव्हता. आजही कोणी मला रस्त्यात थांबवून "भूत मानतेस का?" विचारलं तर मी नाहीच म्हणेन. फक्त जरा थांबून म्हणेन, एवढाच फरक पडला आहे.

दुसरं म्हणजे, हा अनुभव भीतीचा नाही. मला त्या दिवशी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हा सगळा रागाचा मामला आहे. तीन वर्षं झाली, अजून आठवलं की कानशिलं तापतात. तेव्हा भाषा कडक वाटली तर सांभाळून घ्या. आम्ही वऱ्हाडातली माणसं, गोड बोलायला गेलो तरी भांडल्यासारखं वाटतं.

मी मूळची चांदूर रेल्वेची, इंजिनीअरिंग अमरावतीत केलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना कॉलेजात मूल्यांकनाची कमिटी येणार होती. बाहेरून चार-पाच मोठी माणसं येतात, कागद बघतात, जेवतात आणि कॉलेजला ग्रेड देऊन जातात. त्या ग्रेडसाठी आमच्याकडे एक योजना निघाली, पीअर मेंटॉरिंग. म्हणजे वरच्या वर्षांच्या मुलामुलींनी फर्स्ट इयरच्या पाच-पाच जणांना सांभाळायचं. त्यांच्याशी बोलायचं, अडलं-नडलं बघायचं, घराची आठवण येत असेल तर सोबत बसायचं. कल्पना चांगलीच आहे हो. मी स्वतः फर्स्ट इयरला दोन महिने बाथरूममध्ये नळ सोडून रडलेली बाई आहे, मला तर हे फारच पटलं. नाव दिलं मी, हौसेनं.

पण ही योजना चालवायला बसवलेले कोऑर्डिनेटर सर! त्यांचंही नाव लिहीत नाही, तोंडाची चव जाते. त्यांनी दोन नियम काढले. पहिला, मेंटॉरनं आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलायचं, फार झालं तर शुद्ध मराठीत. "ग्रूमिंग झालं पाहिजे." दुसरा नियम जिओटॅग फोटोचा. ते ॲप असतं ना, फोटोच्या खाली ठिकाण, तारीख, वेळ छापून येते? तसा फोटो दर आठवड्याला व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. भेट झाली नाही तर चालेल, फोटो पाहिजे. अहो, मुलं लायब्ररीच्या पायऱ्यांवर यायची, दात दाखवायची, फोटो काढायची आणि एकमेकांचं नाव न विचारता निघून जायची. ग्रुपवर सरांचा अंगठा पडायचा. झालं मेंटॉरिंग!

माझ्या पाच जणांत एक कोमल होती. हिवरखेडची, तेल्हारा तालुक्यातली. घरी फुलांचा मळा, झेंडू, शेवंती, निशिगंध. दहावी-बारावी मराठीतून, मार्क भरपूर. पहिल्या भेटीत ती भरभरून बोलायला लागली, "ताई, मले ना, ड्रॉइंगचं काहीच समजून नाही राहिलं..." आणि मागे उभे असलेले कोऑर्डिनेटर म्हणाले, "लँग्वेज! मेंटॉर, करेक्ट हर." मी काय केलं असेल? शुद्ध मराठीत समजावलं तिला. नियम होता ना. घरी बाबांशी मी वऱ्हाडीच बोलते, पण कॉलेजात जीभ आपोआप इस्त्री होऊन बाहेर यायची. त्या दिवसापासून कोमल माझ्याशी तोलून-मापून बोलायला लागली. एक वाक्य बोलायची, तेही आधी मनात तपासून.

डिसेंबरपर्यंत ती नुसती हाडं राहिली. मेसमध्ये ताट घ्यायची, पोळीचे तुकडे करायची आणि तसंच ठेवून उठायची. मी विचारलं की "काही नाही ताई, ठीक आहे." पुढे तिच्या वर्गातल्या मुलींकडून कळलं ते असं, की एका प्राध्यापकानं भर वर्गात तिला उभं करून इंग्रजीत उत्तर द्यायला लावलं होतं. ती अडखळली. तो म्हणाला, "एवढं येत नसेल तर बापासोबत फुलं विकायला बस ना." सगळा वर्ग हसला. मग कॉरिडॉरमध्ये, कॅन्टीनमध्ये, जिथं दिसेल तिथं पोट्टे तिला "हार कसा दिला?" विचारायचे. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. ती कोणालाच बोलली नव्हती.

पण पोरीचं काहीतरी बिघडलंय एवढं दिसायला डोळे पुरेसे होते. मी कोऑर्डिनेटरकडे गेले. म्हटलं, "सर, कोमलला कोणी तरी मोठ्या माणसानं भेटायला पाहिजे. तिच्या घरी कळवूया." ते कमिटीसाठी पडद्यांचे रंग निवडत होते. खरंच, विनोद नाही, पडद्यांचे रंग. म्हणाले, "तू काउन्सेल कर आणि एक फोटो टाक."

मग मीच कोमलला सांगितलं, शनिवारी दुपारी आपण दोघी बाहेर जाऊ, निवांत बसू, तुला जे बोलायचं ते बोल. ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "नक्की ना ताई? मले... मला बोलायचं आहे." मी म्हटलं, नक्की.

शनिवारी सकाळी कोऑर्डिनेटरचा फोन. अकोल्याच्या एका कॉलेजात कार्यक्रम आहे, आपल्या मेंटॉरिंग योजनेचं प्रेझेंटेशन तुलाच द्यायचं आहे, गेटवर ये, गाडी उभी आहे. मी म्हटलं, सर, आज नाही जमणार, कोमलची अवस्था बरी नाही, मी तिला शब्द दिला आहे. गेटवर जाऊन पुन्हा तेच सांगितलं, तोंडावर. ते म्हणाले, "वॉर्डनला फोन करून मी बघतो तिचं, तू बस. कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे." इज्जत! एक पोरगी सुकत चालली आहे आणि ती कशी फुलते आहे यावर भाषण द्यायला तिच्याच मेंटॉरला उचलून नेताहेत. मी कोमलला मेसेज केला, "अचानक अकोल्याला जावं लागतंय, संध्याकाळी येते, वाट बघ." आणि गाडीत बसले. अकोल्यात पोचल्यावर सरांनी माझा फोन काढून घेतला आणि बॅगेत टाकला. हॉलमध्ये फोन वाजला तर शोभत नाही म्हणे.

आता नीट वाचा, कारण इथेच लोक मला अडवतात. मी त्या दुपारी अकोल्यात, स्टेजवर होते. समोर भरलेला हॉल होता. त्याचं शूटिंग आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मला चक्कर आली नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली नाही, आत्मा शरीरातून निघाला वगैरे काही नाही. प्रत्येक स्लाइड मला आठवते. फक्त एके ठिकाणी, सरांनी लिहून दिलेलं वाक्य होतं, "आमच्या कॉलेजात एकही विद्यार्थी एकटा नाही." ते वाचताना मी थांबले. इतका संताप आला की शब्द बाहेर पडेना. लोकांना वाटलं भावुक झाली, टाळ्या वाजवल्या. मग पुढचं वाचलं. बस, एवढंच. हे म्हणजे अनुभव नव्हे, राग आला की माणूस थांबतोच.

परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे सरांनी फोन दिला. कोमलचे मिस्ड कॉल... स्क्रीन भरून. शेवटचा भर दुपारचा. मी फोन लावला, स्विच ऑफ. तिच्या रूममेटला लावला, ती गावी गेलेली. आणि मग ग्रुप उघडला तर कोमलचा फोटो. जिओटॅगवाला. खाली पट्टीवर छापलेलं, छत्री तलाव, अमरावती.

छत्री तलाव गावाबाहेर आहे. दुपारी तिथं फारसं कोणी नसतं. फोटोत कोमल काठावर, पाण्याच्या अगदी जवळ बसलेली. डोळे सुजलेले. हात लांब करून स्वतःच काढलेला सेल्फी, पण ती फोटोच्या एका कडेला होती. उरलेली अर्धी चौकट रिकामी, नुसतं पाणी. आणि ती त्या रिकाम्या बाजूला कलली होती, खांद्याला खांदा लावून बसतात तशी.

मी ओरडले, "सर, ती तलावावर एकटी आहे! कोणाला तरी पाठवा! वॉर्डनला फोन लावला होता ना तुम्ही?" ते म्हणाले, "अरे हो, ते राहूनच गेलं." मग माझ्या हातातून फोन घेऊन फोटो बघितला, मोठा करून बघितला, आणि या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "यात मेंटॉर कुठं दिसतेय? हा इनव्हॅलिड आहे. सोमवारी परत काढून टाका."

मी त्या गाडीत काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. चांदूर रेल्वेच्या बाजारात शिकलेलं सगळं बाहेर काढलं. ड्रायव्हर आरशात बघत राहिला आणि गाडी मात्र त्यानं अशी पळवली की काय सांगू. त्या माणसाला माझा नमस्कार. मी वाटेत हॉस्टेलला फोन लावत होते, कोणी उचलत नव्हतं.

हॉस्टेलच्या दारात पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. कांतामावशी, गेटवर बसतात त्या, ओटा पुसत होत्या. मला बघून वैतागून म्हणाल्या, "आता अजून काहून आली वं? सगळा ओटा वला करून गेली, अन् आता चपला घालून आली!"

मला काही कळेना. म्हटलं, "मावशी, कोमल कुठंय?"

"कुठं असन? खोलीत. तूच तं आनून सोडलं तिले ऑटोनं. दोन गिलास पानी मांगतलं मले, उभ्यानं पेली. मी म्हटलं, पाय काहून वले हायेत तुहे, चप्पल कुठं हाय? तं तू काहीच बोल्ली नाही. 'इले जेवू घाल मावशी' म्हटलं अन् गेली."

"मी? मावशी, मी आत्ता येतेय अकोल्याहून."

मावशींनी मला खालून वर बघितलं. "थट्टा नको करू व माह्यी. म्हातारी झाली म्हून डोये नाही फुटले माहे. हेच तोंड होतं."

मी धावत खोलीत गेले. कोमल पलंगावर बसून वरण-भात खात होती. खात होती, समजतंय का? महिनाभरात पहिल्यांदा पोटभर. मला बघून तिचा घास हातात राहिला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली पायांकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे. मी तिला घट्ट धरलं आणि दोघी रडलो. मी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र राहवेना. म्हटलं, "कोमल, काल तलावावर कोण होतं तुझ्यासोबत?"

तिनं पुन्हा एकदा माझ्या पायांकडे बघितलं. म्हणाली, "तुम्हीच होत्या ना ताई."

मी "हो" म्हटलं. खोटं बोलले. कारण मला दिसत होतं की ही पोरगी आत्ता त्या एका गोष्टीच्या आधारानं उभी आहे. तिला जर सांगितलं की बाई, मी नव्हते, मी अकोल्यात स्टेजवर तुझ्या नावानं टाळ्या घेत होते... तर? परत तिथंच जाऊन बसली तर? मी तोंड शिवून घेतलं.

त्याच आठवड्यात तिच्या आई-बाबांना बोलावून घेतलं. चांगल्या डॉक्टरांकडे नेलं, त्या बाईंशी ती बोलायला लागली. त्या "हार कसा दिला"वाल्या पोट्ट्यांना मी कॅन्टीनमध्ये गाठलं आणि असं झापलं की त्यांनी पुढे जिना बदलला. प्राध्यापकाची लेखी तक्रार केली. काय झालं? काही नाही. तो आजही शिकवतो आहे. कोऑर्डिनेटरनं तो तलावाचा फोटो ग्रुपवरून काढायला लावला आणि कमिटी आली तेव्हा मला म्हणाले, कोमलची सक्सेस स्टोरी सांग. मी म्हटलं, सांगते, सगळी सांगते, तुम्ही गाडीत काय म्हणाला तेपण सांगते. मग मला बोलावलंच नाही. मेंटॉरचं सर्टिफिकेटही मिळालं नाही. चुलीत गेलं ते सर्टिफिकेट.

घरी आईला सांगितलं. आईनं मीठ-मोहरी घेऊन माझीच नजर काढली. बाबा म्हणाले, कोणी दुसरी पोरगी असेल, तुझ्यासारखी दिसणारी. मीही तेच धरून चालले होते. एखादी भली बाई तलावावर होती, तिनं कोमलला आणून सोडलं, मावशींची नजर कमजोर, कोमल तेव्हा भानावर नव्हती. फोटोत ती बाई आली नाही कारण कॅमेरा नीट धरला नव्हता. असंही होतंच की. मी स्वतःला हे दोन वर्षं पटवलं आणि बऱ्यापैकी पटलंही होतं.

पास होऊन मी अकोल्याला नोकरीला लागले. मागच्या उन्हाळ्यात कोमल इंटर्नशिपसाठी अकोल्यात आली होती. तेव्हा तिसऱ्या वर्षाला, अंगानं भरलेली, हसरी, आणि काय सांगू, स्वतः मेंटॉर झालेली. पाच पोट्ट्या सांभाळते. गावी जायला निघाली तेव्हा बसस्टँडच्या कॅन्टीनमध्ये भेटलो. चहा आला. ती तिच्या पोट्ट्यांचे किस्से सांगत होती, अस्सल वऱ्हाडीत, हातवारे करून. तिला तसं बोलताना बघून मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही. ही आता पडणार नाही.

"कोमल," मी म्हटलं, "त्या दिवशी तलावावर मी नव्हते."

तिनं बशीत चहा ओतला. फुंकर मारली.

"मालूम हाय ताई."

माझी इस्त्रीची मराठी त्याच क्षणी गळून पडली. "तुले मालूम हाय? कधीपासून?"

"तवापासूनच. थे पाठीमांगून आली अन् म्हने, 'काहून रडून राहिली वं? फुलं इकनं का चोरी हाय का? त्या मास्तरच्या लग्नातला हार कोनाच्या वावरातला होता, विचार त्याले.' तोंड तुमचंच होतं, आवाज बी तुमचाच. पन तुमी माह्याशी असं कधी बोल्ल्याच नव्हत्या. अन् मास्तरचं तं मी तुमाले सांगतलंच नव्हतं."

स्टँडवर अकोटची गाडी लागल्याचा पुकारा होत होता.

"फोटो?" मी विचारलं.

"थेच म्हने, काढ फोटो, पाहू दे तुमच्या सरले. माह्या खांद्यावर हात होता तिचा. थंडगार."

"अन् तू तिच्यासोबत ऑटोत बसली? भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना."

"मंग मले काहून नाही सांगतलं येवढे दिवस? मी होय म्हटलं तवा बी गप्प बसली!"

"तुमाले वाईट वाटलं असतं ना ताई."

मला खरंच राग आला. तिचा नाही... कोणाचा ते सांगता येत नाही. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "अन् थे कोन हाय, काय हाय, हे न विचारता तू उठून गेली तिच्यामांगं?"

कोमलनं बशी खाली ठेवली. शांतपणे म्हणाली, "ताई, मी सकाळपासून सगळ्यायले फोन लावून राहिली होती. तुमाले लावला, वॉर्डन मॅडमले लावला, सरले लावला. सरनं तं कापला. मंग थे आली. मी म्हटलं, जे असन थे असन. आली तं हाय."

तिची तेल्हाऱ्याची गाडी लागली. पिशवी उचलून, माझ्या पाया पडून गेली. मी तिथंच बसून राहिले, चहा निवला तरी.

कमेंटमध्ये लोक लिहितील, योगायोग, भास, तलावात कोण्या काळी बुडालेली कोणी, माझीच इच्छाशक्ती... लिहा. हा सगळा विचार माझा करून झाला आहे आणि मला काहीही पटलेलं नाही. माझा चेहरा घेऊन, ओल्या पायांनी कोण आलं होतं, त्याचं उत्तर माझ्याकडे आज नाही आणि पुढे मिळेल असं वाटत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी कॉलेजात आम्ही शेकडो जिवंत माणसं होतो, तिचा फोन कितीतरी जणांच्या खिशात वाजला होता, आणि आमच्यापैकी एकही गेलं नव्हतं.